अंतरपाटाआडचा सूर

कंठाला सूर आणि सुराला अर्थ देणाऱ्या शारदेला, तसेच आरंभापूर्वीच विघ्नाची वाट अडवून उभ्या राहणाऱ्या गणरायाला वंदन करून हे चार शब्द लिहायला बसलो आहे. निमित्त लहानसेच आहे. आश्विनाचा शुक्ल पक्ष सरत आला. कपाशीची बोंडे फुटू लागली. पावसाने धुऊन निघालेला सातपुडा उत्तरेला इतका जवळ दिसतो की हात लांबवावा आणि त्याची कड चाचपून पाहावी. अशा या दिवसांत जळगाव जामोदच्या आमच्या हौशी नाट्यमंडळाचा निरोप आला. दसऱ्यानंतरच्या रविवारी नव्या संगीत नाटकासाठी निवड आहे. निरोप ऐकताच छातीत काही हलले. वृद्धपणी छातीत काही हलले की मनुष्य आधी भितो. पण हे भय नव्हते. काही वर्षांपूर्वी याच ऋतूत माझी जी सुटका झाली होती, तिची ती आठवण होती.

या ऋतूला आमच्या वरवट बकालकडे स्वतःचा एक वास आहे. सोयाबीन निघालेले असते आणि मळणीचा भुसा दिवसभर हवेत तरंगत असतो. पहिल्या वेचणीपूर्वी बायाबापड्या कपाशीच्या पहिल्या ओळीशी दहीभाताचा नैवेद्य ठेवतात, आणि मग ओटीत पांढरे सोने भरू लागते. आमचा मुलूख खारपाणाचा. विहिरीचे पाणी नुसते ओठाला लागले तरी जीभ सांगते की हे आपले गाव. बाहेरच्या पाहुण्याचा चहा हमखास फाटतो आणि तो दुधाला दोष देतो. याच खाऱ्या पाण्याने चूळ भरून मी छत्तीस वर्षे मुलांना संस्कृत शिकवले, पंचक्रोशीतली लग्ने लावली, आणि कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत रोज पहाटे आमच्या विठ्ठलमंदिरातल्या काकड्याला पहिला सूर लावला.

त्या पहिल्या सुराची ही गोष्ट आहे.

वैशाखात मी जिचे लग्न लावले होते, ती शेजारच्या गावची मुलगी त्या वर्षी माहेरी आली असता नमस्काराला आली. बोलता बोलता तिने लग्नाची चित्रफीत मोबाइलवर लावली. अक्षता उडत होत्या, मामा मंडळी घाम पुसत होती, आणि कोणीतरी, हौशी पाहुणा असावा, मंगलाष्टके म्हणत होते. शब्द स्वच्छ होते. पण प्रत्येक कडव्याच्या शेवटी तो आवाज वर चढायला जाई आणि स्वराच्या उंबऱ्याशीच बसकण मारी. सनईवाला बिचारा वर उभा राहून वाट पाहत होता.

"हे कोण म्हणताहेत गं?" मी विचारले.

ती हसू लागली. "गुरुजी, तुमीच ना! वळखलं नाई का?"

मीही हसलो. ती गेल्यावर मात्र देवघरात जाऊन बसलो. इतकी वर्षे मी असाच म्हणत होतो काय? काकड्याला पूर्वी मंडप भरायचा. अलीकडे माणसे येत, उभी राहत, टाळ्या वाजवीत, पण कोणी तोंड उघडीत नसे. लोकांची श्रद्धा आटली, काळच तसा आला, असे मी मनाशी म्हणत आलो होतो. आता प्रथमच शंका आली की आटले ते काही निराळेच असावे. देवापुढचा पहिला सूर ज्याने लावायचा त्याचाच सूर खोटा असेल, तर ती जागा त्याने सोडली पाहिजे. कोजागरीला तीन आठवडे उरले होते. तेवढ्यात मला खरे कळायला हवे होते.

आणि खरे कोणी सांगेना. किराणा दुकानदाराला विचारले, तर तो म्हणाला, "गुरुजी, मोबाइलचं काय घेऊन बसले? त्याच्यात कोकिळेचा बी बेडूक होते." मंदिराच्या पुजाऱ्याने कानाला हात लावले. ज्याला त्याला विचारावे, तो पाया पडे. मनुष्याला जन्मभर आदर मिळाला की त्याच्याभोवती एक पडदा विणला जातो. त्यातून फुले आत येतात, पण बातमी येत नाही. माझ्यावर कोणी अन्याय केला नव्हता. सगळ्यांनी प्रेमच केले होते. त्या प्रेमातच मी बहिरा झालो होतो.

अशा वेळी नाट्यमंडळाच्या निवडीची रीत आठवली.

ही रीत अन्यत्र कुठे असेल असे वाटत नाही. आमच्याकडे प्रत्येकजण प्रत्येकाचा मामा, साडू किंवा शेजारी. एका वर्षी एकाच्या भाच्याला भूमिका मिळाली आणि दुसऱ्याच्या मेहुण्याला नाही, एवढ्यावरून दोन घरांचा पाण्याचाही व्यवहार तुटला. तेव्हा मंडळाचे नाटककार, म्हणजे आमचे निवृत्त पोस्टमास्तर, यांनी तोड काढली. चातुर्मासात मुहूर्त नसतात, त्यामुळे मंगल कार्यालय रिकामे असते आणि मंडळाला मिळते. तिथे अंतरपाट असतोच. गाणाऱ्याने अंतरपाटापलीकडे उभे राहायचे, नाव सांगायचे नाही, खोकायचे नाही, नुसते गायचे. अलीकडे तीन परीक्षक. त्यांच्यापुढे फक्त क्रमांक. गाणे संपले की गाणाऱ्याने मागच्या दाराने निघून जायचे. वधूवरांना एकमेकांपासून क्षणभर लपवणारे ते वस्त्र मंडळाने गुणाला नात्यापासून लपवण्यासाठी वापरले. मला ही युक्ती शास्त्राला धरून वाटली.

मी ठरवले. सूत्रधाराच्या भूमिकेसाठी उभे राहायचे. नांदी म्हणायची. मी कोण हे ज्यांना ठाऊक नाही अशा कानांनी एकदा मला ऐकावे, मग ते सांगतील ते देवाचे वचन. सूत्रधार म्हणून निवड झाली तर काकड्याची जागा माझी. नाहीतर कोजागरीला टाळ दुसऱ्याच्या हाती द्यायचे. घरी काही सांगितले नाही. धोतर नेसताना सौभाग्यवतींनी विचारले, "आज कोणाचं लग्न? मुहूर्त तर नाहीत."

"जळगावला काम आहे," मी म्हणालो. ते खोटे नव्हते.

बसमध्ये शेजारी दिगंबर येऊन बसला. तो स्वतः एसटीत कंडक्टर. त्या दिवशी रजेवर. "गुरुजी, पाहा बरं काय दिवस आले," तो म्हणाला, "आज तिकीट मले काढा लागलं!" पुढे विषय निघता निघता कळले की तोही निवडीलाच निघाला होता. माझेही कारण मला सांगावे लागले. त्याचा चेहरा पडला.

"तुमी उभे राह्यता? मंग आमी पुढच्या स्टापवर उतरतो बावा. घरी कपाशी वेचाची पडली हाय."

"असे म्हणू नकोस, दिगंबर. अंतरपाट कशासाठी आहे?"

"अंतरपाटामागून बी वाघ वळखू येते, गुरुजी."

तो मनापासून म्हणाला. हा मुलगा चांगला गातो हे मला माहीत होते. गाडीत प्रवासी कमी असले की तो दाराशी उभा राहून गुणगुणत असे. केवळ माझ्या वयाला मान देऊन तो उतरणार असेल, तर मी किती जणांना असे मध्येच उतरवले असेल? मी त्याला हात धरून बसवले. "उतरलास तर मीही उतरेन," असे म्हणालो, तेव्हा कुठे तो थांबला.

कार्यालयात पोचल्यावर मला सातव्या क्रमांकाची चिठ्ठी मिळाली. मागच्या खोलीत, जिथे एरवी नवरदेव फेटा बांधून घेतो, तिथे आम्ही अकरा जण बसलो होतो. आतून एकेकाचा आवाज येई. सहावा क्रमांक दिगंबरचा. तो नांदी म्हणू लागला आणि खोलीतल्या सगळ्यांच्या हातातले पाण्याचे पेले तसेच थांबले. कोरड्या विहिरीत दोर सोडावा आणि अचानक तो ओला होऊन वर यावा, तसा तो आवाज.

मग माझी पाळी.

त्या दालनात मी शेकडो लग्ने लावली, पण नेहमी अंतरपाटाच्या कडेला उभा राहून. दोन्ही बाजू मला दिसत. त्या दिवशी प्रथमच मी नवरदेवाच्या जागी उभा होतो. पुढे फक्त कापड. मधोमध कुंकवाचे स्वस्तिक, माझ्याकडून उलटे दिसणारे. काठाला जुन्या हळदीचा डाग. माझे स्वतःचे लग्न आठवले. तेव्हाही असेच कापड, आणि पलीकडे एक कधी न पाहिलेली मुलगी, जिच्या पायांच्या बोटांवरची विरोली तेवढी खालून दिसत होती. मनुष्य अंतरपाटामागे एकदाच उभा राहतो असे मी समजत होतो. तसे नाही. पलीकडे काय आहे ते मला ठाऊक नाही, आणि आता ते मला पाहणार आहे, ही स्थिती देव पुन्हा पुन्हा आणतो.

अंतरपाट धरायला कार्यालयाचे उत्तमराव आणि त्यांची पत्नी शांताबाई होत्या. लग्नातही ऐन वेळी मामा सापडला नाही की हेच दोघे कापड धरीत. मला पाहून उत्तमरावांनी डोळे मोठे केले. मी ओठांवर बोट ठेवले.

पेटीने स्वर दिला. पांढरी चार. माझ्या तरुणपणापासूनची पट्टी. याच पट्टीत नांदी आणि याच पट्टीत माझा काकडा. मी डोळे मिटून सुरुवात केली. पोस्टमास्तरांनी लिहिलेली नांदी जलदेवतेची होती, कारण नाटक एका खारपाणी गावाच्या गोड्या विहिरीचे होते. पहिले कडवे चांगले गेले. दुसऱ्या कडव्यात स्वर वर जातो. तिथे मी चढलो, आणि मला वाटले की मी पोचलो. हेच तर भय होते. मला नेहमीच वाटे की मी पोचलो.

नांदी संपली. मागच्या दाराने निघून जायचे होते. परंतु ज्या दालनात, ज्या वस्त्रासमोर, ज्या जिभेने तीस वर्षे शेवटी एकच वाक्य उच्चारले, तिला तो दिवस निराळा आहे हे कसे कळावे? माझ्या तोंडून पूर्ण स्वरात निघून गेले, "शुभमंगल सावधान!"

आणि उत्तमराव व शांताबाई यांनी सवयीने अंतरपाट झटकन उत्तरेकडे ओढून घेतला.

तेवढ्यावर थांबते तर बरे होते. तबल्यावर बसलेला गृहस्थ एरवी लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवीत असे. त्याच्या हातांनी वरातीचा ठेका धरला. एका परीक्षकाने खरोखरच अक्षता शोधण्यासाठी खिसा चाचपला. शांताबाई तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "आवं, पण नवरी कोठी हाय?"

सगळे दालन हसत होते. मी मात्र उघडा पडलो होतो. तिघेही परीक्षक उभे राहिले होते. पोस्टमास्तर तर हात जोडून पुढे आले. "गुरुजी, तुमी? वा! वा! काय आवाज! अहो, सूत्रधार आपल्या पायानं चालत आला. आता निवड कशाले पाहिजे?" दुसऱ्या परीक्षकांनीही मान डोलावली. टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांनी मी जितका खचलो तितका कोणत्याही निंदेने खचलो नसतो. पुन्हा तोच पडदा माझ्याभोवती पडला होता. वस्त्र गेले आणि झाकण राहिले. आता मला कधीच कळणार नव्हते.

टाळ्या न वाजवणारी एकच व्यक्ती होती. तिसऱ्या परीक्षक सुजाताबाई, शाळेत संगीत शिकवणाऱ्या. आमच्याच गावच्या, बुद्धविहारामागच्या घरातल्या, आणि कधीकाळी माझ्या विद्यार्थिनी. त्यांनी वही छातीशी घट्ट धरली होती.

पोस्टमास्तर हळूच म्हणाले, "बाई, ते सातव्याचं पान ऱ्हाऊ द्या."

"लिहून झालंय, सर."

"लिहिलेलं फाडता येते ना."

सुजाताबाई माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हणालो, "सुजाता, तुझ्या वहीत जे आहे ते अंतरपाट पडण्याआधीचे आहे ना?"

"हो, गुरुजी."

"मग तेवढेच माझे आहे. वाच."

त्यांनी वाचले. "क्रमांक सात. उच्चार निर्दोष. ताल पक्का. आवाज गोड आहे, पण ही पट्टी त्याला आता झेपत नाही. वरच्या षड्जाला प्रत्येक वेळी खाली राहतो, आणि गाणाऱ्याला ते कळत नाही. सूत्रधारासाठी नको."

पोस्टमास्तर जमिनीकडे पाहत होते. आणि मला काय वाटले? वेचणीच्या दिवसांत बाई डोक्यावर कापसाचा गठ्ठा घेऊन बांधावरून येते. कुणीतरी पुढे होऊन हात लावून तो खाली घेते. तेव्हा तिची मान आपोआप वर जाते आणि ती पहिल्यांदा समोरचे आकाश पाहते. तसे वाटले. मी मोठ्याने हसलो. बऱ्याच वर्षांनी मला कोणीतरी माझ्याबद्दल नवे असे काही सांगितले होते.

"बाई, तुमी तर कमालच केली," दुसरे परीक्षक पुटपुटले.

तेव्हा सुजाताबाई त्यांच्याकडे नव्हे, माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आठवीत पाठांतर स्पर्धेत तुम्ही मला दुसरा नंबर दिला होता, गुरुजी. आणि बोलावून कारण सांगितलं होतं, की मी शब्दाच्या मधेच श्वास घेते. बाकीचे आमच्या वस्तीतल्या पोरींना एकतर उगीच छान म्हणायचे, नाहीतर काहीच म्हणायचे नाहीत. मी घरी जाऊन आईला सांगितलं, आई, आज एका मास्तरनं मले कारण सांगितलं." त्यांनी वही पुढे केली. "कारण लिहायचं तुमच्याकडूनच शिकले; ही वही तुमचीच आहे."

मला तो दिवस आठवत नव्हता. विद्यार्थ्यांना आठवते ते शिक्षकाला आठवत नाही. बहुधा हेच बरे असते, नाहीतर आपण भीतीने काही शिकवलेच नसते.

त्यानंतर त्यांनी पेटी स्वतःकडे ओढली आणि चार पट्ट्या खाली उतरून काळी एक धरली. "आता यात म्हणून पाहा." मी म्हटले. वरचा स्वर आला तेव्हा त्याच्याकडे चढावे लागले नाही. तो जणू ओट्यावर बसून माझी वाट पाहत होता. सनईवाला जिथे थांबे, तिथेच मीही होतो. शांताबाई कापडाची घडी घालता घालता थांबल्या. "हा खरा तुमचा आवाज, गुरुजी," सुजाताबाई म्हणाल्या. "तुम्ही अजून पंचविशीच्या पट्टीत गात होतात."

भूमिका मात्र मिळाली नाही. नांदी सगळ्या साथीदारांच्या सोयीने वरच्या पट्टीत बसवली होती आणि दिगंबर तिथे सहज जात होता. सूत्रधार तोच झाला. मला त्यांनी पाणाड्याचे काम दिले. विहीर कुठे खणावी ते जमिनीला कान लावून सांगणारा म्हातारा. "त्याला एकही पद नाही," सुजाताबाई म्हणाल्या, "त्याला नुसतं ऐकायचं आहे. पण रंगमंचावर खरं ऐकणारा माणूस सापडत नाही."

परतीच्या बसमध्ये दिगंबर खिडकीला डोके टेकून बसला होता. शेवटी म्हणाला, "गुरुजी, तुमाले वाईट तं नाई वाटून राह्यलं?"

"मले भूक लागून राह्यली हाय," मी त्याच्याच बोलीत म्हणालो, आणि तो इतका हसला की पुढच्या बाकावरच्या आजी वळून म्हणाल्या, "काऊन रे बावा, लाटरी लागली का?"

घरी सौभाग्यवती तांदूळ निवडत होत्या. मी सगळे सांगितले. त्यांनी एक खडा बाजूला काढला आणि म्हणाल्या, "एवढं कळायला नाटकात जावं लागलं तुम्हाला?"

"म्हणजे? तुला ठाऊक होतं?"

"बारा-पंधरा वर्षं झाली."

"मग सांगितलं का नाही?"

"विचारलं होतं का कधी? किराणा दुकानदाराला विचारलं, पुजाऱ्याला विचारलं. घरात कान नव्हते का?" मग खाली पाहत म्हणाल्या, "आणि तुम्ही इतके आनंदानं म्हणत होतात. तो आनंद खोटा नव्हता. म्हणून राहिले गप्प."

या उत्तरावर मी आजही चिंतन करतो. सत्य सांगणे हा धर्म आहे, हे मी मुलांना शिकवले; परंतु दुसऱ्याचा आनंद सुरक्षित राहावा म्हणून इतकी वर्षे खोटा सूर ऐकत राहणे, यालाही काही नाव असले पाहिजे. कोशात शोधले, सापडले नाही. मी फक्त त्यांच्या सुपातले तांदूळ माझ्याकडे ओढले आणि आम्ही दोघे निवडत बसलो.

कोजागरी उलटली आणि काकड्याची पहिली पहाट आली. टाळ माझ्याच हाती होते. निवड झाली नव्हती, पण बाईंच्या वहीने दोष पट्टीचा ठरवला होता; म्हणून एकदा खालच्या पट्टीत लावून पाहायचे आणि तरीही जमले नाही तर टाळ सोडायचे, असे ठरवले होते. पट्टी मनात धरून ठेवली होती. स्नान करताना, वाट चालताना, चपला काढताना, सांडू नये म्हणून भरल्या तांब्यासारखी जपत. पहिली ओळ मी खाली लावली. मला ती इतकी खाली वाटली की देवापुढे पायरी उतरल्यासारखे झाले. मग पाठीमागून एक खाकरणे ऐकू आले. आणि एक जाडाभरडा आवाज माझ्या ओळीत येऊन मिळाला. मग दुसरा. तिसऱ्या ओळीला खांबापाशी उभे असलेले सगळे शेतकरी म्हणत होते. कुणाचा सूर खरा, कुणाचा आडवा, पण सगळे आत. मी मागे वळून पाहिले नाही. डोळ्यांत पाणी असताना मागे वळू नये.

तेव्हा उमगले. श्रद्धा आटली नव्हती. मी माझ्या तारुण्याच्या उंचीवर आरती टांगून ठेवली होती. स्वतःला पोचत नव्हती आणि लोकांनाही पोचत नव्हती.

प्रसाद घेताना एक वृद्ध शेतकरी हात पुसत म्हणाला, "गुरुजी, यंदा आरती मानसाच्या उंचीवर आली. मागं आमाले शिडी लागे."

"मग आधी का नाही बोललात?"

"देवाच्या दारात शिडी मागावी कशी?" असे म्हणून तो निघून गेला.

मार्गशीर्षात नाटक झाले. पाणाड्याच्या वेषात मी रंगमंचाच्या फळ्यांना कान लावून पडलो. नुसते पडायचे असते असे मला आधी वाटले होते. पण लाकडातून सगळे ऐकू येते. मागच्या रांगेतल्या मुलाचे रडणे, तबलजीच्या पायाचा ठेका, विंगेत पाठ घोकणारी गावकरीण. आणि त्या सगळ्यांच्या वरून, फळ्यांना थरथरवत येणारा दिगंबरचा सूर. तो वरच्या षड्जावर गेला आणि तिथेच उभा राहिला, जराही न हलता. हाच मुलगा पुढच्या स्टॉपवर उतरणार होता. मी हात वर करून खूण केली: इथे खणा. प्रेक्षकांतून टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी बाजारात एका बाईने अगदी गंभीरपणे विचारले, "गुरुजी, आमच्या वावरात याल का? तुमचा हात गुनाचा दिसते."

आता पुन्हा आश्विन आला आहे. भुसा हवेत आहे, बोंडे फुटत आहेत, चहाला तीच खारी चव आहे. ज्या निरोपापासून या लेखाचा आरंभ केला, त्याचा उरलेला भाग आता सांगतो. तो निरोप सुजाताबाईंचा होता, आणि तो असा: "गुरुजी, यंदा परीक्षकाच्या जागी तुम्ही बसा."

"माझे कान आता म्हातारे झाले," मी म्हणालो.

फोनवर त्या म्हणाल्या, "यंदा मी पलीकडे उभी राहणार आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांचं ऐकलं. स्वतः कधी गायले नाही मंडळात. आता मलाही मानाने बाई म्हणतात. सगळे छानच म्हणतात. कारण सांगणारं कुणी अलीकडे बसलेलं पाहिजे."

मी होकार दिला. मघाशी कोरी वही काढून तिच्यात एक ते बारा क्रमांक लिहिले आणि पेन्सिलीला टोक केले. त्यांचा आवाज मी ओळखीन, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. अंतरपाट तेवढे झाकू शकत नाही. पण जे ऐकू येईल तेच लिहीन, आणि त्या मागच्या दाराने निघून जाण्याआधी त्यांना बोलावून कारण सांगेन. एवढे ऋण माझ्याने फिटेल असे वाटते. उत्तमराव-शांताबाईंना मात्र आधीच सांगून ठेवले आहे, की परीक्षकाच्या तोंडून काहीही निघाले तरी कापड सोडू नका.

वाचकहो, ज्या विठ्ठलापुढे माझा सूर खाली उतरला आणि म्हणून सर्वांना मिळाला, त्याच्याकडे आपल्यासाठी हे मागतो. आपल्या घरी धान्य, गोडे पाणी आणि निरामय देह असो. आपल्या लेकीबाळींच्या गुणांना कोणाच्या नात्याची आडकाठी न येवो. आपल्या उंबऱ्याच्या आत असे एक तरी माणूस असो, जे आपला खोटा सूर प्रेमाने सोसेल. आणि असेही एक असो, जे तो प्रेमानेच सांगेल. दोघांचेही ऐकण्याचे धैर्य देव आपल्याला देवो, आणि आपण लावलेल्या पहिल्या ओळीत आपल्या सगळ्या घराचा आवाज येऊन मिळो. शुभं भवतु.